तलावाचा वास नेमका कशाचा?

मागच्या उन्हाळ्यात आमच्या गटातल्या एका मैत्रिणीने मुलीला शहरातल्या बंदिस्त तलावावर पोहायला घातलं. मुलीला दम्याचा त्रास. चौथ्या दिवशी खोकल्याची उबळ आली, डोळे लाल झाले. "पाण्यात औषध जास्त पडलंय," असं आम्ही सगळ्या म्हणालो आणि पोहणं बंद झालं. पण मनात राहिलं, हे औषध पाण्यात आलं कधी? त्याच्यावाचून चालेल का?

हे औषध म्हणजे क्लोरीन. आपल्या ग्रामपंचायतीच्या विहिरीत टीसीएल पावडर टाकतात, त्यातही तेच. ही पावडर आधी कापड पांढरं करायला वापरत. 1897 साली इंग्लंडमधल्या मेडस्टन गावात विषमज्वराची साथ आली, शंभरावर माणसं गेली. तेव्हा तिथल्या पाण्याच्या नळांची वाहिनी या पावडरीने धुतली. 1908 पासून अमेरिकेतल्या जर्सी सिटीच्या पिण्याच्या पाण्यात ती रोज पडू लागली. पुढे 1910-11 च्या सुमारास अमेरिकेतल्याच ब्राऊन विद्यापीठाच्या पोहण्याच्या तलावात ती वापरून पाहिली. एका पाण्यात अनेकजण उतरले की एकाचा रोग दुसऱ्याला होतो, तो थांबवायला क्लोरीन आलं.

मग डोळे का चुरचुरतात? क्लोरीन घामाशी आणि लघवीशी मिसळलं की क्लोरामाइन नावाची द्रव्यं तयार होतात. त्यातलं एक हवेत उडतं, बंदिस्त तलावाच्या छताखाली कोंडून राहतं आणि दम्याच्या माणसाला छळतं. तलावाचा तो उग्र वास आपण स्वच्छतेचा समजतो. खरं तर तो मळाचा आणि औषधाचा मिळून झालेला असतो.

दुसरे उपायही जुनेच आहेत. फ्रान्समधल्या नीस शहरात 1906 साली ओझोन वायूने पिण्याचं पाणी शुद्ध करू लागले. मार्सेय शहरात 1910 साली अतिनील किरणांचे दिवे वापरून पाहिले. आज हे दोन्ही पोहण्याच्या तलावांनाही लावतात. पण ओझोन श्वासात गेला तर तोही बाधतो, म्हणून पाणी तलावात परत सोडण्याआधी तो काढून टाकावा लागतो. दिव्याचं काम तर त्याच्यासमोरून पाणी जाईल तेवढंच. म्हणून दोन्हींबरोबर थोडं क्लोरीन ठेवावंच लागतं. फक्त ते कमी पुरतं, आणि दिवा क्लोरामाइनही मोडतो.

"आमच्याकडे मिठाचं पाणी आहे," असं कोणी सांगितलं तर भुलू नका. ते यंत्र विजेने मिठातूनच क्लोरीन काढतं.

क्लोरीन अजिबात नसलेले तलावही आहेत. 1980 च्या दशकात ऑस्ट्रियात खडी आणि पाणवनस्पतींतून पाणी गाळणारे तलाव बांधू लागले. अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरात 2015 साली असाच सार्वजनिक तलाव सुरू झाला. मात्र तिथे एका वेळी किती माणसं उतरतील याला मर्यादा असते, कारण झाडं आपल्या गतीनेच पाणी गाळतात.

म्हणजे शंभर वर्षांत क्लोरीनला पुरता पर्याय झाला नाही, त्याची गरज कमी करता आली. आणि ती कमी करण्याचा सगळ्यात स्वस्त उपाय आपल्याच हातात आहे: साबणाने आंघोळ करूनच पाण्यात उतरायचं आणि पोरांना पाण्यात लघवी करू द्यायची नाही.

दम्याचं लेकरू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, उघड्यावरचा तलाव बघा, औषधाचा पंप काठावर ठेवा. वास उग्र आला तर त्या दिवशी माघारी फिरा. आणि हे ऐकून विहिरीतली टीसीएल मात्र बंद करू नका. ती कालवताना नाका-तोंडाला पदर बांधा, आणि दमा असलेल्या बाईला ते काम देऊ नका.

आमच्या मैत्रिणीची लेक आता उघड्या तलावावर जाते, पंप घेऊन आणि आंघोळ करून.