भिंतीवरची ३९ मांजरं

मांजर आडवं गेलं की आपल्याकडे भलेभले थबकतात. दुसरं कुणी पुढे जाईपर्यंत थांबतात, नाहीतर चार पावलं मागे येतात. जपानमधल्या तोकोनामे या गावात मात्र वाटच मांजरांच्या समोरून जाते. रेल्वे स्टेशनातून बाहेर पडून जुन्या कुंभारवस्तीकडे निघालं की रस्त्याच्या कडेला एक उंच भिंत लागते. त्या भिंतीवर भाजलेल्या मातीची ३९ मांजरं बसवली आहेत. एक सुखरूप बाळंतपणासाठी, एक प्रवासातल्या रक्षणासाठी, एक आजार बरा व्हावा म्हणून. प्रत्येकीचं वरदान निराळं. भिंतीच्या माथ्यावरून एक अवाढव्य मांजर गावाकडे पाहत असतं. त्याची उंची ३.८ मीटर आणि रुंदी ६.३ मीटर. नाव तोकोन्यान. जपानी मांजर 'म्याव' न म्हणता 'न्यान' म्हणतं, म्हणून हे नाव. गावकरी त्याला राखणदार मानतात.

पंजा उंचावून बोलावणारं हे मांजर म्हणजे 'मानेकी नेको'. आता ते आपल्याकडच्या दुकानांतही गल्ल्याशेजारी हात हलवत बसलेलं दिसतं. युरोपातल्या माणसाला वाटतं, ते निरोप देतंय. आपल्याला तसं वाटायचं कारण नाही. तळवा खाली करून 'ये, ये' म्हणण्याची रीत आपलीही आहे.

या मांजराच्या जन्माच्या कथा अनेक आहेत आणि तो मान सांगणारी मंदिरंही अनेक. मला त्यातली एक फार जवळची वाटते. एदो, म्हणजे आजचं तोकियो. त्या शहराच्या 'बुको नेन्प्यो' या बखरीत १८५२ सालची एक नोंद आहे. आसाकुसा भागात एक म्हातारी राहत होती. गरिबी इतकी वाढली, की लाडक्या मांजराला पोसणंही तिला जमेना. तिने ते सोडून दिलं. मग ते तिच्या स्वप्नात आलं आणि म्हणालं, माझी प्रतिमा कर, तुझं भलं होईल. तिने मातीची मांजरं करवून घेतली, देवळाच्या वाटेवर ती विकायला मांडली आणि लोकांची झुंबड उडाली.

आमच्या घरांत लहानपणी एक हदीस हमखास कानावर पडते. मांजरीला डांबून उपाशी मारणाऱ्या बाईला त्यापायी नरक मिळाला, अशी ती गोष्ट. पैगंबरांच्या एका सोबत्याचं तर नावच अबू हुरैरा, म्हणजे मांजराच्या पिल्लाचा बाप. प्रतिमा घडवण्याबद्दल आमच्याकडे संकोच आहे. मांजराबद्दल मुळीच नाही. म्हणून आसाकुसाची म्हातारी मला परकी वाटत नाही. तिने मांजराला डांबलं नाही. भाकरीचा तुकडा देता येईना, तेव्हा दार उघडं केलं. आज ज्याला आपण धनलाभाचं चिन्ह समजतो, त्याच्या मुळाशी एका गरीब बाईची ही ताटातूट आहे.

आता ही मांजरं तोकोनामेलाच का? कारण हे गावच मातीवर जगलेलं. बाराव्या शतकापासून इथे भट्ट्या पेटत आल्या. जपानच्या सहा प्राचीन कुंभारकेंद्रांत त्याची गणना होते. आधी मोठमोठे रांजण झाले. एकोणिसाव्या शतकात शहरं वाढू लागली, तेव्हा सांडपाण्याचे मातीचे नळ झाले. या गावात एक चढण आहे. तिच्या एका बाजूची भिंत त्या जुन्या नळांची आणि दुसरीकडची दारूच्या मातीच्या बुधल्यांची. गावाने आपला मालच रचून भिंती केल्या. १८८७ साली बांधलेली, टेकडीच्या उतारावर चढत जाणारी भट्टी १९७४ पर्यंत चालू होती. तिची दहा धुराडी आजही उभी आहेत.

पुढे नळ सिमेंटचे आणि प्लास्टिकचे झाले. नळ घडवणाऱ्या हातांनी काय करायचं? आपल्याकडच्या कुंभारवाड्यांनाही हा प्रश्न चांगलाच ठाऊक आहे. तोकोनामेला एक आधार मांजराने दिला. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या कारागिरांनी त्याला नवं रूप दिलं. मोठे डोळे, गुबगुबीत अंग, हातात सोन्याची मोहोर. आज जगभर ओळखीचा झालेला चेहरा तोच. भिंतीवरची ३९ मांजरं हा त्याच धंद्याचा गावाने उघड्यावर केलेला सत्कार आहे.

चौकात पुतळा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे घोडा आणि तलवार येते. ज्याने राज्य जिंकलं, त्याला दगड आणि ब्राँझ मिळतं. ज्याने भाकर मिळवून दिली, त्याला सहसा काही मिळत नाही. मग ते जनावर असो की कारागीर. तोकोनामेने दोघांनाही एकाच भिंतीवर जागा दिली.

आणि त्या भिंतीवर आणखी काही मांजरं आहेत. हुबेहूब खऱ्यासारखी, आपल्याच नादात असलेली. त्यांच्या हातात मोहोर नाही. ती कुणाला बोलावत नाहीत, कुणाला काही देत नाहीत. म्हातारीचं मांजर स्वप्नात येण्याआधी असंच असणार, आणि ती त्याच्यावर जीव टाकत होती तो तेव्हाच.