भूल उतरली, पण बळ परतले का?

१/ जासई म्हटले की १९८४ चा शेतकरी लढा आठवतो. आजचा धागाही त्याच गावातून निघतो, विषय मात्र निराळा आहे. शस्त्रक्रियेनंतर शुद्धीवर आलेली माझी आत्या म्हणाली, "सगळं ऐकू येत होतं, पण पापणीच उचलता येईना." ती पुढे पूर्ण बरी झाली. तिच्या त्या काही मिनिटांमागे मोठा इतिहास आहे.

२/ दक्षिण अमेरिकेतील आदिवासी शिकारीच्या बाणांना 'क्युरारे' हे वनस्पतिजन्य विष लावीत. १८१४ मध्ये लंडनला एका गाढविणीला ते टोचण्यात आले. श्वास थांबताच भात्याने तिच्या फुफ्फुसांत हवा भरली गेली. ती वाचली आणि पुढे २५ वर्षे जगली. विष उतरेपर्यंत श्वास चालू ठेवला तर प्राण वाचतो, हे त्यातून दिसले.

३/ १९व्या शतकाच्या मध्यास फ्रान्सच्या क्लोद बर्नार यांनी दाखवले की क्युरारे मज्जातंतूचा स्नायूला जाणारा आदेश अडवते. २३ जानेवारी १९४२ रोजी मॉन्ट्रियल येथे हॅरॉल्ड ग्रिफिथ आणि इनिड जॉन्सन यांनी अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेत ते वापरले. पोटाचे स्नायू सैल पडू लागले आणि कमी भुलीत शस्त्रक्रिया शक्य झाली.

४/ पण हे औषध भूल देते का? अमेरिकेतील स्कॉट स्मिथ यांनी भुलीवाचून ते स्वतःला टोचून घेतले. १९४७ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा : शरीर निश्चल, पण शुद्ध आणि वेदना शाबूत. म्हणजे भूल आणि शिथिलता या दोन वेगळ्या गोष्टी असून त्या वेगवेगळ्या वेळी उतरू शकतात.

५/ १९५४ मध्ये बीचर आणि टॉड यांनी अमेरिकेतील दहा रुग्णालयांतील सुमारे सहा लाख रुग्णांचा आढावा मांडला. स्नायू शिथिल करणारी औषधे मिळालेल्यांत भुलीशी निगडित मृत्यूंचे प्रमाण सुमारे सहापट होते. त्यांनी औषधाच्या विषारीपणाकडे बोट दाखवले. टीकाकारांचे म्हणणे होते की खरा दोष वापराच्या पद्धतीत आहे.

६/ शिथिलता संपली हे ठरवायचे कसे? रुग्णाला पाच सेकंद डोके उचलायला सांगत. १९७० मध्ये लिव्हरपूलच्या अली, अटिंग आणि ग्रे यांनी मोजमाप दिले. मनगटाजवळील मज्जातंतूला अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने चार सौम्य विद्युत झटके द्यायचे आणि अंगठ्याची चौथी हालचाल पहिलीच्या किती भरते ते पाहायचे.

७/ १९७९ मध्ये डेन्मार्कमधील पाहणीत शस्त्रक्रियेनंतरच्या ७२ रुग्णांपैकी ३० जणांत हे गुणोत्तर ०.७ पेक्षा कमी निघाले. पुढे ०.७ देखील अपुरे ठरले. ०.९ च्या खाली घशाचे स्नायू नीट चालत नाहीत, लाळ किंवा अन्न श्वासनलिकेत जाऊ शकते. डोके उचलू शकणाऱ्या रुग्णातही ही दुर्बलता दडलेली असू शकते.

८/ उतारा म्हणून निओस्टिग्मिन दीर्घकाळ वापरात आहे. रोक्युरोनियमसारख्या औषधाला रेणूच्या पोकळीत अडकवणाऱ्या सुगामाडेक्सला २००८ मध्ये युरोपात मान्यता मिळाली. तरीही उतारा दिला म्हणून मोजणी टाळता येत नाही.

९/ ज्याचे बळ परतलेले नाही, त्याला ते सांगताही येत नाही. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञांना नातेवाइकांनी जरूर विचारावे : "स्नायूंचे बळ परत आले की नाही, हे आपण कसे मोजता?"