पेनिसिलीनचा क्षार

हरिहरेश्वरला पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटते आणि पुस्तकांना बुरशी धरते. या दमट किनाऱ्यावर राहून औषधांचा इतिहास वाचताना मला एक प्रश्न पडत आला आहे. बर्फाची सोय नसलेल्या गावात पेनिसिलीन टिकले कसे?

फ्लेमिंगची बुरशी (१९२८) आपण शाळेत शिकतो. पण सुरुवातीचे पेनिसिलीन म्हणजे अशुद्ध, पिवळसर भुकटी. ती हवेतला ओलावा ओढून घेई, म्हणून थंडीत जपावी लागे. पेनिसिलीन हे मुळात आम्ल, आणि मोकळे आम्ल फार टिकत नाही. त्याचा सोडियम किंवा पोटॅशियमबरोबर क्षार करून तो शुद्ध स्फटिकरूपात मिळवता आला, तेव्हा चित्र पालटले. कोरड्या, बंद कुपीतला हा स्फटिक साध्या तापमानालाही दीर्घकाळ टिकतो.

याचे कारण रेणूच्या घडणीत आहे. ऑक्सफर्डच्या डोरोथी हॉजकिन यांनी सोडियम, पोटॅशियम व रुबिडियम क्षारांच्या स्फटिकांवर क्ष-किरण टाकून १९४५ मध्ये ती घडण उलगडली. मध्यभागी चार अणूंचे चौकोनी कडे निघाले: तीन कार्बन, एक नायट्रोजन. हे कडे ताणलेले असते. जंतूची भिंत बांधणाऱ्या विकराला ते चिकटते आणि बांधकाम थांबवते. मात्र त्याच ताणामुळे पाणीही ते उघडू शकते, आणि कडे उघडले की औषध निकामी. म्हणजे औषधाची ताकद आणि त्याचा कच्चा दुवा एकाच ठिकाणी आहेत. कोरड्या स्फटिकात पाणीच नसल्याने कडे शाबूत राहते.

आपल्याकडे हे काम पिंपरीत झाले. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या मदतीने १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि १९५५ मध्ये पेनिसिलीनचे उत्पादन सुरू झाले. अशा कारखान्यात बुरशी टाक्यांत वाढवणे हे अर्धेच काम. रसातून औषध वेगळे काढून, त्याचा क्षार करून, स्फटिक वाळवून ते निर्जंतुक कुपीत भरणे हे उरलेले अर्धे. खेड्यातल्या दवाखान्याच्या दृष्टीने हे दुसरे अर्धेच निर्णायक, कारण कुपीत पाणी घालायचे ते सुई टोचण्याच्या वेळी.

आजही त्याच घराण्यातल्या अमॉक्सिसिलीनची पूड मुलांसाठी घरी पाण्यात कालवतात. त्या क्षणापासून तिची मुदत महिन्यांवरून दिवसांवर येते. उरलेले औषध पुढच्या तापासाठी फळीवर ठेवू नये, ते याचसाठी.