थापणमोसो आणि आपली सोसायटी

तिसगावच्या वाड्यात राहणाऱ्यांना सोसायटी काय ठाऊक! पण मुले आता नगर-पुण्याला फ्लॅट घेतात, म्हणून लिहिते.

१९१५ साली मुंबईत गावदेवीला श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने सारस्वत गृहनिर्माण संस्था उभी राहिली. कारभार सभासदांचाच. पुढे बिल्डर आले. फ्लॅट विकायचे, जमीन मात्र स्वतःच्या नावावर ठेवायची. १९६३ च्या मोफा कायद्याने बंधन घातले: सोसायटी स्थापन करा, ठरल्या मुदतीत जमीन-इमारत तिच्या नावावर करा. तरी कित्येकांनी कन्व्हेयन्स दिलेच नाही. शेवटी २००८ च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरण आले. बिल्डर सही करीत नसेल, तर सोसायटीने जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करायचा. २०१७ पासून रेराचाही आधार आहे.

जमीन नावावर नसेल, तर उद्या पुनर्विकासाच्या वेळी सोसायटी अडते.

प्रतिक्रमणात दुसऱ्या अणुव्रताच्या वेळी आपण भूमीविषयीचे असत्य आणि थापणमोसो, म्हणजे दुसऱ्याची ठेव नाकारणे, यांची आलोचना करतो. लोकांनी मोल दिलेली जमीन अडवून ठेवली, तर त्यात दोन्ही आले. आपल्या समाजातही बांधकामाचा व्यवसाय करणारी घरे पुष्कळ आहेत. अशा घरातल्या बहिणींनी एकदा विचारावे, “किती सोसायट्यांचे कन्व्हेयन्स द्यायचे राहिले आहे?”