बॅलास्ट पाणी व्यवस्थापन

रिकामे मालवाहू जहाज पाण्यात पुरेसे बुडत नाही. ते अस्थिर होते, प्रसंगी त्याचा पंखाही उघडा पडतो. म्हणून माल उतरवताना टाक्यांत समुद्राचे पाणी भरून घेतात आणि पुढच्या बंदरात माल चढवताना ते सोडून देतात. या पाण्याबरोबर शैवाले, अळ्या व जीवाणू परक्या किनाऱ्यांवर पोहोचतात. तेलगळतीपेक्षा हे प्रदूषण चिवट म्हणावे लागेल. सांडलेले तेल काळाच्या ओघात विरते, रुजलेला जीव मात्र वाढत जातो. उत्तर अमेरिकेच्या पंचमहासरोवरांत १९८०च्या दशकात शिरलेल्या झेब्रा शिंपल्यांनी पाणीपुरवठ्याचे नळ तुंबवले. काळ्या समुद्रात त्याच दशकात आलेल्या नेमिऑप्सिस या जेलीसारख्या प्राण्याने मासेमारीला तडाखा दिला.

आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा यासंबंधीचा करार २००४ मध्ये संमत झाला, पण अंमल सुरू व्हायला ८ सप्टेंबर २०१७ उजाडले. आधी खोल समुद्रात पाणी बदलणे पुरेसे मानले जाई. आता जहाजावरच गाळण आणि अतिनील किरण किंवा क्लोरीन यांनी प्रक्रिया करतात. सोडलेल्या पाण्यात ५० मायक्रोमीटर वा त्याहून मोठे जिवंत जीव दर घनमीटरला १० पेक्षा कमी असावे लागतात. कराराच्या तयारीसाठी राबवलेल्या जागतिक प्रकल्पाच्या सहा प्रात्यक्षिक बंदरांत मुंबई होते. जहाजाच्या बुडाला चिकटून येणारे जीव मात्र या कराराच्या कक्षेत येत नाहीत. त्यांच्याबाबत संघटनेची केवळ ऐच्छिक मार्गदर्शक तत्त्वे आहेत.