वरची सीमा, खालची मोकळीक

ब्रिज स्पर्धेच्या टेबलावर आज कुणी 11 पॉइंटांवर ‘एक इस्पिक’ बोललं, तर भुवया उंचावत नाहीत. 1950 च्या सुमारास हे धाडस ठरलं असतं. ते पचनी पडलं याचं श्रेय बोलीची वरची सीमा बांधणाऱ्यांना आहे.

काँट्रॅक्ट ब्रिजची गुणपद्धती 1925 मध्ये बसवणारे हॅरॉल्ड व्हँडरबिल्टच याचे आद्य पुरुष. 1929 च्या पुस्तकात त्यांनी सुचवलं, की हात भारी असेल तर ‘एक किलवर’ बोलावं, मग किलवरची पानं असोत वा नसोत. भारी हात असे वेगळे निघाल्याने एकच्या बाकी बोली आपोआप मर्यादित झाल्या.

अमेरिकेने मात्र इली कल्बर्टसन यांचा मार्ग धरला. त्यात एकची बोली ऐसपैस होती. तिच्यामागे बेताचा हात असे, तसाच जवळजवळ गेमचाही. त्यामुळे भिडूला थोडक्या पानांवरही बोली जिवंत ठेवावी लागे. मग सुरुवात करणाऱ्याचा पाया भक्कम हवाच. एक्का 4, राजा 3, राणी 2, गुलाम 1 ही मोजणी चार्ल्स गोरेन यांनी घरोघरी पोहोचवली, तेव्हा 13 पॉइंट हा उंबरठा झाला. रॉथ-स्टोन पद्धतीने तो आणखी चढवला.

भारी किलवरचा धागा पुन्हा उचलला तो इटलीने. युजेनियो किआराडिया यांची नेपोलिटन क्लब आणि तिच्यातून बेनितो गारोत्सो यांनी घडवलेली ब्लू क्लब या पद्धती ‘ब्लू टीम’च्या जगज्जेतेपदांमध्ये झळकल्या.

सी. सी. वेई यांच्या प्रिसिजनने हिशेब सोपा केला: 16 पासून पुढे ‘एक किलवर’, एकच्या इतर बोली साधारण 11 ते 15. तैवानचा संघ 1969 मध्ये ही पद्धत घेऊन बर्म्युडा बाऊल या जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोहोचला.

हलक्या बोलीचं बळ इथेच आहे. समोर 15 च्या वर काही नाही हे ठाऊक असल्याने 8-9 पॉइंटांचा सपाट हात असलेला भिडू वेळीच थांबतो. बदामाला चांगली साथ असेल तर तो थेट ‘चार बदाम’ बोलतो, आणि ते बळावर की अडवण्यासाठी, हे प्रतिस्पर्ध्यांना उमगत नाही. किंमत मोजावी लागते ती ‘एक किलवर’वर. त्या बोलीत रंग कळत नाही, म्हणून प्रतिस्पर्धी मध्येच उडी घेतात.

पुढे ऑस्ट्रेलियाच्या मॉसिटो पद्धतीने उंबरठा 9-10 पर्यंत उतरवला. पोलंडमधल्या प्रयोगांत तर पहिला ‘पास’च भारी हात दाखवू लागला, अशा पद्धतींवर जागतिक संघटनेने बंधनं घातली.

म्हणून हलकी सुरुवात करायची असेल, तर आधी भिडूबरोबर बसून वरचा आकडा ठरवावा. तो ठरल्याशिवाय खालचा आकडा उतरवणं म्हणजे भिडूला अंधारात ठेवणं.