टाकीखालची मैफल : आपल्या सोसायटीतल्या रॉकवाल्यांचा इतिहास

स्मरणिका समितीने विषय वाटले तेव्हा बोअरवेल, लिफ्ट आणि गणेशोत्सव हे तिन्ही मोठे विषय आधीच गेले होते. माझ्या वाट्याला "तुमचं ते धांगडधिंगा संगीत" आलं. सेक्रेटरी गमतीत बोलले, पण मी मनावर घेतलं. पंचवीस वर्षांत आपल्या गच्चीवर पाण्याच्या टाकीखाली जे ऐकलं गेलं, त्याचा उल्लेख सोसायटीच्या इतिवृत्तात एकदाच आहे, आणि तोही "आवाजाबाबत तक्रार" या मथळ्याखाली.

आधी हे संगीत वऱ्हाडात आलं कसं ते सांगतो. माझं बालपण अकोल्यातलं, जठारपेठेतलं. १९८० च्या दशकात विविध भारतीवर हे लागत नसे आणि घरात रेकॉर्ड प्लेअर असणं ही दूरची गोष्ट. हे यायचं पोरांच्या बॅगेतून. कोणाचा तरी मोठा भाऊ मुंबईला किंवा पुण्याला इंजिनिअरिंगला असे, तो दिवाळीत चार कॅसेट आणी. कृषी विद्यापीठाच्या होस्टेलवर बाहेरगावची पोरं, त्यांच्याकडे दोन-चार. मग ज्याच्याकडे डबल कॅसेटचा टेप, त्याच्या दारात रांग. नव्वद मिनिटांच्या ब्लँक कॅसेटवर एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला एक असे दोन अल्बम बसत. कॉपीवरून कॉपी, तिच्यावरून आणखी एक. चौथ्या हाताला पोचेपर्यंत गाणं कमी आणि खरखर जास्त. माझ्याकडच्या 'बॅक इन ब्लॅक'मध्ये सुरुवातीच्या घंटेमागे पाऊस पडतोय, असं मला कित्येक वर्षं वाटत होतं.

शब्द कोणालाच कळत नव्हते. कव्हरवर गाण्यांची नावं हाताने लिहिलेली, तीही ऐकीव. लोडशेडिंग झालं की टेप सेलवर चाले, आणि सेल उतरले की गाणं हळूहळू जड होत जाई. ब्लॅक सबाथ असंच ऐकावं, असं आमच्यातल्या एकाचं ठाम मत होतं. मे महिन्यात कॅसेट खिडकीत राहिली तर अकोल्याचं ऊन तिचा पापड करी.

ब्लॅक सबाथचं नाव आलंच आहे तर तिथे जरा थांबतो, कारण हेवी मेटलची सुरुवात बहुतेक जण तिथूनच धरतात. ही चौघं पोरं इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमच्या ॲस्टन भागातली, कामगार वस्तीतली. गायक ऑझी ऑस्बॉर्न याने कत्तलखान्यातही काम केलेलं. गिटारवाला टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात होता. सतराव्या वर्षी, कामाच्या शेवटच्या दिवशी, मशीनमध्ये त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं चिकटवलं, पातळ तारा लावल्या. पुढे तारा सैल करून सूरही खाली उतरवला. १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी'वर तो सूर पार तीन पायऱ्या खाली गेलेला आहे. ज्याला जग 'हेवी' म्हणतं तो आवाज बराचसा असा घडला. त्यांचा पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० चा.

ही गोष्ट मी माझ्या वडिलांना सांगितली होती. आपल्यातल्या जुन्या लोकांना ते आठवत असतील, संध्याकाळी गेटजवळच्या बाकावर बसत. त्यांची सगळी नोकरी जिनिंगमध्ये फिटर म्हणून झाली. तिथे त्यांच्यासमोर एका माणसाची दोन बोटं मशीनमध्ये गेली होती. त्याला पुढे चौकीदारीवर ठेवलं. माझ्या गाण्यांना ते वीस वर्षं "डबे वाजवणं" म्हणत आले होते. आयोमीची गोष्ट ऐकून गप्प झाले. मग म्हणाले, "मंग थो वाजवते कसा बे?" मी सांगितलं. "लाव पाहू." 'आयर्न मॅन' लावलं. पूर्ण ऐकलं त्यांनी, टेबलावर हात ठेवून. "हे तं जिनिंगच हाय. मशीन सुरू होते तवा अस्साच आवाज येते." त्यानंतर त्यांनी आवडीने ऐकलं असं नाही, पण डब्यांचा विषय पुन्हा काढला नाही.

हे सगळं साता समुद्रापलीकडचं, आपला काय संबंध, असं विचारणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. क्वीनचा फ्रेडी मर्क्युरी म्हणजे मूळचा फारुख बलसारा, पारशी, जन्म झांझिबारचा १९४६ चा, पण शाळा आपल्या पाचगणीची, सेंट पीटर्स. तिथेच १९५८ मध्ये पोरांनी 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला, त्यात तो पियानोवर. लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट १९७२ मध्ये मुंबईत आले आणि इथल्या वादकांना घेऊन आपली दोन गाणी पुन्हा ध्वनिमुद्रित केली; ती अधिकृतपणे बाहेर यायला २०१५ उजाडलं. १९८६ पासून मुंबईत 'इंडिपेंडन्स रॉक' होऊ लागलं, धोबी तलावच्या रंगभवनात. विदर्भ एक्स्प्रेसच्या जनरल डब्यातून एकदा मीही गेलो होतो. काळे टी-शर्ट घातलेली इतकी माणसं एका जागी पाहून आपण एकटे नाही हे पहिल्यांदा कळलं. पुढे रंगभवन शांतता क्षेत्रात गेलं आणि तिथले कार्यक्रम थांबले. 'रॉक स्ट्रीट जर्नल' तर १९९३ मध्ये निघालं अलाहाबादहून! दिल्ली-मुंबईहून नव्हे. आमच्यासारख्यांना त्याचं फार अप्रूप होतं.

आता आपली सोसायटी. २००० मध्ये राहायला आलो तेव्हा कोण काय ऐकतं हे कोणालाच ठाऊक नव्हतं. सामान उतरवताना एका खोक्यातून 'मशीन हेड'ची कॅसेट घरंगळली आणि तिसऱ्या मजल्यावरचे बँकवाले भाऊ जिन्यातच ओरडले, "अरे, डीप पर्पल!" तिथून रविवारची गच्ची सुरू झाली. बँकवाल्यांचं म्हणणं, 'मेड इन जपान'नंतर ऐकण्यासारखं काही झालंच नाही. ब विंगमधल्या गणिताच्या मॅडम क्वीनच्या; 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' म्हणजे सहा मिनिटांत बसवलेलं प्रमेय, हे त्यांचंच वाक्य. मी सबाथचा. पोरं मेटालिकाची. 'मास्टर ऑफ पपेट्स' मोठं की 'द नंबर ऑफ द बीस्ट', यावर एका कोजागरीला दूध गार झालं होतं. तक्रार आली ती २००४ मध्ये, आणि बरोबरच होती. खाली परीक्षेची मुलं होती. रात्री दहाचा नियम आम्ही तेव्हापासून पाळतो. गणपतीतल्या डीजेलाही तो लागू असावा हा माझा मुद्दा मात्र अजून विषयपत्रिकेवर आलेला नाही.

१७ मार्च २००७ ला आयर्न मेडन पहिल्यांदा भारतात वाजले, बंगळुरूला. आपल्या इथला एक मुलगा तेव्हा तिथे शिकत होता. त्याने गर्दीतून फोन लावला आणि हात वर धरला. टाकीखाली आम्ही सहा जण एका मोबाईलला कान लावून. ऐकू आली ती निव्वळ घरघर. कोणी फोन ठेवू देईना.

हे सगळं ज्यांच्यामुळे जमून राहिलं ते पहिल्या मजल्यावरचे भाऊ. कृषी विद्यापीठात शिकलेले, बियाण्यांच्या कामात आयुष्य गेलं. कॅसेट सगळ्यात जास्त त्यांच्याकडे, प्रत्येकीवर नंबर, वहीत नोंद, कोणी कधी नेली आणि कधी परत केली तेही. २०२१ मध्ये अमरावतीत कोरोना पुन्हा उसळला त्यात ते गेले. गच्ची बंदच झाली. दोन वर्षांनी वहिनींनी दोन खोकी आणून दिली. "मी काय करू याचं? तुम्हीच ठेवा." एकशे चाळीस कॅसेट. काहींवर बुरशी, काहींची फीत चिकटलेली.

आपल्या पोरांनी ते काम हाती घेतलं. जुना डेक दुरुस्त केला, स्पिरिटने हेड पुसून एकेक कॅसेट संगणकावर उतरवली. जी तुटली ती चिकटपट्टीने जोडली. एकशे अकरा वाचल्या. त्यात सबाथची एक अशी निघाली, की भाऊंनी ती दुसऱ्या टेपसमोर माइक ठेवून भरली होती. गाण्यांच्या मधे कुकरची शिट्टी आहे, कोणीतरी "लाइन गेली वाटते" म्हणतं, आणि मग त्यांचा विशीतला आवाज येतो: "थांबा बे, पलटवून राह्यलो."

ऑझी २२ जुलै २०२५ ला गेला. सतराच दिवस आधी बर्मिंगहॅममध्ये, आपल्या मोहल्ल्यात, त्याने सिंहासनावर बसून शेवटचं गायलं होतं. त्या रविवारी गच्चीवर वहिनीही आल्या. पोरांनी ती कॅसेट लावली. भाऊंचा आवाज आला तशा त्या म्हणाल्या, "पुन्हा लाव." तीनदा लावली. दहाला दहा कमी होते, तेव्हा बंद केली.